जुन्या मोटारीचा जुना रंग

धारहून मांडूला जाणारा रस्ता नालछावरून जातो. मराठ्यांची सत्ता संपल्यावर, १८१८ नंतर, सर जॉन माल्कमने या गावातल्या एका पडक्या इमारतीची डागडुजी करून तेथे मुक्काम केला होता. पुढे मांडूला पोचले, की निळ्या झिलईच्या फरशांचे उरलेसुरले तुकडे प्रवासी कौतुकाने न्याहाळतात. त्यांवर नवा निळा रंग फासावा, असे कोणी सुचवील काय? परंतु हेच गृहस्थ घरी परतले, की आजोबांची जीप खरवडून चकचकीत रंगवण्याचा बेत करतात!

महायुद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या विलिस जीप हिंदुस्थानात लिलावाने विकल्या गेल्या. त्यांचा हिरवट रंग मुळातच निस्तेज. उन्हात चकाकून वैमानिकाच्या नजरेस पडू नये, म्हणून मुद्दाम निवडलेला. तेव्हा अशा जीपला आरशासारखी झळाळी देणे हे जीर्णोद्धार नव्हे, सोंग होय. तिचे चाक डाव्या हाताला, त्यामुळे चढता-उतरता डावी कड अधिक घासते आणि आतला अस्तराचा रंग दिसू लागतो. ही झीज कोणत्याही रंगाऱ्याला हुबेहूब करता यायची नाही. कित्येकदा बॉनेटवरचा मूळ लष्करी नंबर नंतरच्या रंगांखाली दडलेला असतो. पाण्याच्या बारीक पॉलिश-कागदाने हलक्या हाताने एकेक थर उतरवला, तर तो उमटतो. डिस्क-मशीन लावले, की कायमचा गेला.

एकोणीसशे वीसनंतरच्या दशकात मोटारींवर नायट्रोसेल्युलोज रंग आला. आपल्याकडे त्याला सरसकट ‘ड्यूको’ म्हणतात. उन्हाने त्याची पांढरट पूड होते आणि थिनरने तो विरघळतो. म्हणून डाग काढायला थिनर घेऊच नये. साधे पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडके, आणि प्रथम एखादा न दिसणारा कोपरा. वर मेणाचा पातळ हात पुरे. तो पुढे काढता येतो. जवसाचे तेल चोपडण्याची युक्ती मात्र आम्हाला मान्य नाही. ते सुकून पिवळे पडते आणि मग निघता निघत नाही.

गंजाचे काय? बोटाला पूड न लागणारा तपकिरी डाग राहू द्यावा. पापुद्रे सुटत असतील, तर तेथे दया नको. तेवढीच जागा साफ करून बंद करावी.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. सांगाडा, बॉडी, इंजिन यांतल्या फेरफारांचा तेथे विचार आहे. रंग मालकाच्या मर्जीवर राहिला. पूर्वीच तीनदा रंगलेली मोटार चौथ्यांदा रंगवली, तर आमची तक्रार नाही.

मात्र पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिक टाकू नका. आत दमट वाफ कोंडते आणि चार महिन्यांत पत्र्याला नवा गंज धरतो. छपराखाली ठेवून सुती खोळ घाला.