‘आढ्य’ रोगी आणि देशोदेशींचा आरोग्यखर्च

अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात वाग्भटाचार्यांनी रुग्णाचे गुण सांगताना ‘आढ्य’, म्हणजे साधनसंपन्न, हा गुण प्रथम घेतला आहे. श्रीमंत व गरीब देशांच्या आरोग्यखर्चातील तफावत समजण्यास हा एक शब्द पुष्कळ उपयोगी पडतो.

अमेरिकेने २०२३ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १७.६ टक्के, म्हणजे दरडोई सुमारे साडेचौदा हजार डॉलर आरोग्यावर खर्च केले. भारतात २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३.८३ टक्के, म्हणजे दरडोई ६,६०२ रुपये होते.

याची कारणे अनेक आहेत. अन्नवस्त्रांच्या गरजेला मर्यादा असते, आरोग्याच्या अपेक्षेला नसते. म्हणून उत्पन्नाबरोबर आरोग्यखर्चाचा वाटाही वाढतो. दुसरे कारण अर्थशास्त्रज्ञ विल्यम बोमॉल यांनी १९६० च्या दशकात मांडले. यंत्रांमुळे कारखान्यातील उत्पादन व वेतन दोन्ही वाढतात. नाडीपरीक्षेस मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. तरीही चिकित्सक व परिचारिका यांचे वेतन इतरांच्या बरोबरीने वाढवावे लागते. तिसरे कारण वार्धक्य. जपानमध्ये पासष्टीपुढील लोक सुमारे २९ टक्के आहेत.

तथापि अधिक खर्च म्हणजे अधिक आरोग्य नव्हे. जपानचा खर्च अमेरिकेहून पुष्कळ कमी असूनही तेथील आयुर्मान अधिक आहे. अमेरिकेतील खर्चाचा मोठा भाग सेवा व औषधे यांच्या चढ्या दरांमुळे होतो.

खरा भेद, पैसा कोण देतो, यात आहे. जर्मनीत १८८३ पासून विम्याने आणि ब्रिटनमध्ये १९४८ पासून करांतून समाजच रुग्णाला ‘आढ्य’ करतो. आपल्याकडे एकूण खर्चापैकी रुग्णाच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी खरी. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट ठेवले असता २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्केच होता. अर्थात, गरीब देशात खर्च कमी दिसतो तो व्याधी कमी म्हणून नव्हे, तर खिसा रिकामा म्हणून.

पंधरा दिवसांची औषधे लिहून दिली असता ‘सध्या पाच दिवसांचीच द्या’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा त्याचा औषधावर अविश्वास असतोच असे नाही. अशा वेळी पाच कल्पांऐवजी दोन पुरतील का, याचा विचार वैद्याने करावा आणि कोणते औषध मुळीच सोडू नये हे रुग्णास स्पष्ट सांगावे. औषधविक्रेत्यांनीही परस्पर कपात न करता वैद्यास विचारावे. रुग्णाला आढ्य करणे आपल्या हाती नाही; त्याची चिकित्सा अर्ध्यावर सुटू न देणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.