खेळण्याच्या पाठीवर काय लिहिलंय?

परवा आमच्या चौथीच्या वर्गात चांगलीच जुंपली. निमित्त होतं दोन खेळण्यांचं. एकाने आणली होती बॅटरीवर पळणारी चिनी मोटार, तर एकीने सावंतवाडीच्या चितार आळीतून घेतलेली लाकडी फळं. "बाहेरची खेळणी बंदच करा! म्हणजे आपल्या कारागिरांना काम मिळेल," असं कुणीतरी म्हणालं. तशी मागच्या बाकावरची मुलगी रडवेली झाली. तिचे बाबा बाजारात खेळण्यांची गाडी लावतात. "बाई, मग बाबा विकणार काय?"

मी खडू घेतला. परदेशी माल देशात येताना सरकार जो कर घेतं, त्याला म्हणतात आयात शुल्क. खेळण्यांवर ते २० टक्के होतं. २०२०च्या अर्थसंकल्पात ते ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. समजा, बंदरात उतरलेली मोटार १०० रुपयांची आहे. २० टक्के शुल्क लागलं तर ती पडते १२० रुपयांना, आणि ७० टक्के लागलं तर १७० रुपयांना. मग हे वरचे पन्नास रुपये कोण देतं? "चीनचा कारखानदार!" सगळे ओरडले. नाही बरं का! ते भरतो इथला व्यापारी, आणि पुष्कळदा वसूल करतो तुमच्या आईबाबांकडून.

पण इतक्या लांबून आलेली मोटार मुळात स्वस्त कशी? चीनच्या चेंगहाई भागात साचे, प्लॅस्टिकचे भाग, खोकी बनवणारे सगळे जवळजवळ आहेत. माल प्रचंड संख्येने निघतो, त्यामुळे एकेका नगाचा खर्च कमी होतो. म्हणूनच अमेरिकेतल्या कंपन्याही आपली खेळणी चीनमध्ये बनवून घेतात. आपला कारागीर मात्र एकेक फळ हाताने रंगवतो.

मग शुल्क लावायचंच कशाला? नव्या रोपाला आपण कुंपण घालतो ना, तसंच हे. इथल्या कारखान्यांना पाय रोवायला वेळ मिळावा म्हणून. पण नुसत्या कुंपणाने रोप वाढत नाही, पाणी आपणच घालायचं असतं. चांगली यंत्रं हवीत, शिकलेले हात हवेत, माल पक्का हवा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी. नोंदणी झालेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट मिळाली. आणि इथल्या मोटारीतही कधी परदेशी भाग असतो! म्हणून २०२३ ची वाढ इलेक्ट्रॉनिक खेळण्यांच्या सुट्या भागांना लावली नाही.

त्या मुलीला मी म्हटलं, "इथली खेळणी चांगली आणि परवडणारी झाली, की बाबा तीच विकतील. तोवर शुल्काचा भार त्यांच्या गाडीवरही पडतो, हे तू वर्गाला सांगितलंस ते बरं केलंस."

आता तुमचं काम! घरातली पाच खेळणी उलटी करा. कुठे बनली? आयएसआय खूण आहे का? वहीत लिहा आणि आईबाबांना विचारा : इथल्या खेळण्यासाठी किती रुपये जास्त द्याल, आणि का?