मार्साला : पिंपात मुरलेलं बंदर

सिसिलीच्या पश्चिम टोकावरच्या मार्साला गावात समुद्रालगत जुन्या, बसक्या वखारी आहेत. वाइन मुरवण्याच्या या वखारींपैकी सर्वांत नावाजलेली विन्चेन्झो फ्लोरिओने १८३३ मध्ये उभारली. आत शिरलं की बाहेरचं रखरखीत ऊन तुटतं. दगडी कमानींखाली ओकची पिंपं एकावर एक रचलेली असतात. पायाखाली फरशी नाही, तुफ दगडाचा भुगा अंथरलेला आहे. तो ओलावा धरून हवा थंड ठेवतो.

गाव फार जुनं. इसवी सनापूर्वी ३९७ मध्ये सिराक्यूजच्या डायोनिसियसने शेजारच्या मोत्या बेटाचा विध्वंस केला, तेव्हा कार्थेजवाल्यांनी इथे लिलीबेअम वसवलं. पहिल्या प्यूनिक युद्धात रोमनांनी त्याला वर्षानुवर्षं वेढा घातला. त्या काळातल्या एका जहाजाचा सांगाडा इथल्या संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालयही एका जुन्या वाइन वखारीतच!

जगभर गेलं ते मात्र गावाचं मद्य. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने इथली वाइन मायदेशी पाठवली. लांबच्या प्रवासात ती बिघडू नये म्हणून तिच्यात द्राक्षांचा मद्यार्क घातला. १८०० मध्ये नेल्सनने आपल्या आरमारासाठी तिची मोठी मागणी नोंदवली आणि धंदा फोफावला. पुढे ११ मे १८६० रोजी गॅरिबाल्डी आपल्या स्वयंसेवकांसह याच बंदरात उतरला, तेव्हा बंदरात इंग्रजांची जहाजं होती आणि किनाऱ्यावर त्यांच्या वखारी. त्यामुळे तेव्हा सिसिलीवर राज्य करणाऱ्या बूर्बों राजाची जहाजं तोफा डागायला कचरली. वाइनच्या धंद्याने इटलीच्या एकीकरणाला असाही हातभार लावला.

मार्सालासाठी ग्रिलो, कातारात्तो आणि इन्झोलिया ही पांढरी द्राक्षं मुख्य. ‘अंब्रा’ प्रकारात द्राक्षांचा रस आटवून, काकवीसारखा दाट करून घालतात. रंग आणि किंचित कडवटपणा त्यातून येतो. ‘फिने’ वर्षभर मुरते, ‘वेर्जिने’ किमान पाच वर्षं.

पण माझ्या मते या गावाचं खरं वैभव वुडहाउसच्याही आधीचं आहे. सिसिलीत घरोघरी एक पिंप असायचं. त्यातून थोडी वाइन काढायची आणि तेवढीच नवी भरायची. पिंप कधीच रिकामं होऊ द्यायचं नाही, म्हणून आजोबांच्या काळातला अंश नातवाच्या पेल्यात उतरायचा. या पद्धतीला ‘पेर्पेतुओ’ म्हणतात. पिंप पूर्ण भरत नाहीत. वरच्या मोकळ्या जागेतली हवा वाइनला हळूहळू अक्रोड-बदामाचा वास देते. त्यासाठी वरून अर्क घालावा लागत नाही, घाई तेवढी टाळावी लागते.

विसाव्या शतकात ती घाई शिरली. अंडं, कॉफी असं काहीबाही मिसळलेल्या बाटल्या मार्सालाच्या नावाने खपू लागल्या आणि उत्तम वाइन स्वयंपाकघरात फोडणीपुरती उरली. १९८४ मध्ये कायदा कडक झाला, पण त्याआधीच मार्को दे बार्तोली या वाइनकाराने वेगळी वाट धरली होती. १९८० च्या सुमारास त्याने जुन्या पेर्पेतुओ पद्धतीने, अर्क न घालता ‘वेक्यो साम्पेरी’ काढली. मार्सालाला अर्क हवाच, असा नियम आहे. त्यामुळे या मातीत, इथल्याच जुन्या रीतीने मुरलेल्या या वाइनच्या बाटलीवर ‘मार्साला’ हे नाव छापता येत नाही.