चढती कमान

फारसीत कमान म्हणजे धनुष्य. आपण ती दारावर बसवली, घड्याळात गुंडाळली, जीपखाली घातली, भुवयांनाही दिली. भारीच फिरस्ता शब्द! औंढा नागनाथाच्या जुन्या बांधणीत भार खांब-तुळयांवर. कमानीचे दगड मात्र एकमेकांना रेटूनच उभे राहतात.

बँकेत असताना मी अहवालात ‘वसुलीची चढती कमान’ असं झोकात लिहीत असे. त्याच वसुलीसाठी एकदा हिंगोलीकडच्या साखऱ्याला गेलो. म्हातारा कर्जदार उंबऱ्यात बसलेला, पाठीची कमान झालेली. त्यानं आधी घोंगडी अंथरली, मग कनवटीच्या नोटा काढल्या.

“बैल इकला साहेब. हप्ता घ्या.”

पावती फाडताना माझी मान वर होईना. पुढल्या अहवालात नुसते आकडे लिहिले.

वरिष्ठांनी विचारलं, “या वेळी कमान कुठं गेली?”