भिंतीवरचे मारिओ

२ मे २०२६ ही व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची जन्मशताब्दी. त्या निमित्ताने संपादकांनी विषय दिला, मारिओंची चित्रं आज कुठे पाहायला मिळतात? एक उत्तर तयारच होतं. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी मारिओंचं काम गोळा केलं, त्याचे ग्रंथ काढले, पर्वरीला गॅलरी उभी केली. अभ्यासकाने तिथेच जावं. मला मात्र ही चित्रं जिथे कुणी मुद्दाम पाहायला येत नाही अशा जागा पाहायच्या होत्या: मुंबईत कुलाबा कॉजवेवरचं कॅफे मोंडेगार, पणजीचं मार्केट आणि टाइल्स रंगवणाऱ्यांचं काम.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म दमणचा, घर गोव्यात लोटलीला. श्याम बेनेगलांनी ‘त्रिकाल’चं चित्रीकरण केलं ते याच घरात. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये इतिहास घेऊन बी. ए., मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि टाइम्स समूहाची वृत्तपत्रं, मध्ये पोर्तुगाल आणि लंडन. मिस निंबूपानी, मिस फोन्सेका आणि पुढारी बंडलदास हे त्यांचे मानसपुत्र आणि मानसकन्या. १९८८ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण. ११ डिसेंबर २०११ रोजी ते गेले आणि पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. लहानपणी ते घराच्या भिंती चितारून ठेवायचे, म्हणून आईने कोरी वही आणून दिली, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. भिंतीवरून वहीत गेलेला हा हात पुढे पुन्हा भिंतीवर आला.

मोंडेगारच्या एका भिंतीवर मुंबई आहे आणि दुसरीवर खुद्द कॅफे. चित्रातली गिऱ्हाइकं आणि खरी गिऱ्हाइकं एकमेकांसमोर बसतात. गॅलरीत आपण चित्रापासून चार पावलं मागे उभे राहतो. इथे भिंतीलगतचं टेबल मिळालं, तर चित्र खांद्याला लागतं. मारिओंच्या गर्दीला हे जवळून पाहणं मानवतं. त्यांच्या चित्रात मागच्या रांगेतला माणूससुद्धा कुठे तरी निघालेला असतो, त्याला त्याचं नाक असतं, त्याची हनुवटी असते. बिअर येईपर्यंत एक चेहरा, बिल येईपर्यंत दुसरा. पणजीच्या मार्केटात तर ज्यांची चित्रं त्यांनी आयुष्यभर काढली, तेच लोक भिंतीखालून ये-जा करतात. मासळीवाली, पाव विकणारा पोदेर, सामान उचलून धापा टाकणाऱ्या बायका. चित्र आणि चित्राचा विषय एकाच छपराखाली नांदतात.

पण वहीतलं चित्र भिंतीवर जातं कसं, हा प्रश्न मला सोडेना. मारिओंचं हत्यार म्हणजे टाक आणि काळी शाई. समजा मूळ चित्र एक फूट रुंद आहे आणि भिंत बारा फूट. मग अर्ध्या मिलिमीटरची रेषा सहा मिलिमीटरची होते. कपड्यांवरच्या छटेसाठी मारलेल्या बारीक आडव्या-उभ्या रेघा कागदावर राखाडी दिसतात. बारापट केल्यावर त्यांची जाळी होते आणि डोळा तिच्यात अडकतो. म्हणून भिंतीवर नुसतं मोठं करून भागत नाही. कुठली रेघ ठेवायची, कुठली गाळायची, कुठे कुंचला उचलायचा, हे ठरवत चित्र नव्याने काढावं लागतं. चौकटी आखून मापं नेता येतात. रेषेचा वेग तसा नेता येत नाही.

टाइल्सवर ही कसरत आणखी अवघड होते. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जॉर्ज कोलासो यांची १९३५ सालची निळी-पांढरी अझुलेज, म्हणजे टाइल्सवर रंगवलेली, चित्रं आहेत. अलीकडे गोव्यात ही कला पुन्हा रुजली, तेव्हा मारिओंची पात्रंही टाइल्सवर आली. जुनी रीत अशी: चित्र हव्या त्या मापात ट्रेसिंग पेपरवर घ्यायचं आणि प्रत्येक रेषेवर सुईने जवळजवळ टोचे मारत जायचं. मग तो कागद टाइल्सवर अंथरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हलकेच थापटायची. कागद उचलला की टिंबाटिंबांची रांगोळी उरते. त्या टिंबांवरून कुंचला फिरतो. कच्च्या झिलईवर काम असेल, तर ती ओढलेला रंग तत्क्षणी पिऊन टाकते. चुकलेली रेषा पुसता येत नाही. हात थबकला तिथे डाग वाढतो. भट्टीत कोळसा जळून जातो आणि कोबाल्टचा निळा रंग झिलईत कायमचा मुरतो.

तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच चित्राला पंधरा सेंटिमीटरच्या दोनशे टाइल्स लागतात. प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक असतो. सांधा डोळ्यावर किंवा ओठावर येऊ नये, म्हणून रंगवणारा आधी कागद इकडेतिकडे सरकवून पाहतो. मारिओंच्या चित्रात चेहऱ्यांची इतकी दाटी असते, की एकाला वाचवावं तर शेजारचा कापला जातो. कुणाच्या नाकावरून सिमेंटची रेघ जाऊ द्यायची, हा निवाडा त्यालाच करावा लागतो. मी हे काम पाहिलं ते आदराने. स्वतःची शैली बाजूला ठेवून दुसऱ्याच्या हाताचा मिजाज सांभाळणं ही मोठी शिस्त आहे.

काळजी आहे ती पुढची. भाजलेली टाइल पावसाला दाद देत नाही, रंगवलेली भिंत देते. पणजीत वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गिलाव्यात ओल शिरते, लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यावर इलेक्ट्रिशियनच्या पट्ट्या, जाहिरातींचे कागद, खुर्च्यांच्या पाठी आणि पानाच्या पिचकाऱ्या, हे बाजारातल्या कुठल्याही भिंतीचं प्राक्तन. मग कुणीतरी डागडुजी काढतं. रंगारी येतो, फिकट रेषेवरून गडद रेषा ओढतो. दर खेपेला रेषा थोडी जाड होते, वळण थोडं बोथट होतं. अशा दोन-तीन डागडुज्यांनंतर भिंतीवर मारिओ उरत नाहीत, त्यांचा मजकूर तेवढा उरतो. आणि लोक मात्र तीच मारिओंची रेषा समजतात.

म्हणून चित्रं बाजारातून काढून काचेआड न्यावीत का? मला हे पटत नाही. तिथे ती टिकतील, पण ज्यांची आहेत त्यांच्यापासून तुटतील. उपाय साधे आहेत आणि परवडणारे आहेत. चित्र भिंतीवर चढलं, की मापपट्टीसह त्याची छायाचित्रं घेऊन ठेवावीत, म्हणजे पुढच्या डागडुजीला मूळ आधार राहील. दर वर्षी पावसाआधी भिंतीची तपासणी व्हावी आणि तिच्यासाठी तरतूद असावी. कायद्याप्रमाणे मारिओंच्या चित्रांचा स्वामित्वहक्क २०७१ अखेरपर्यंत चालेल; नव्या भिंतीला परवानगी देतानाच देखभालीची अट घालता येईल. डागडुजीचं काम ज्याला टाक धरता येतो त्यालाच द्यावं. आणि कोपऱ्यात, मारिओंच्या सहीखाली, ते चित्र भिंतीवर किंवा टाइलवर उतरवणाऱ्याचं नाव असावं. मारिओंच्या गर्दीत एकही माणूस बिनचेहऱ्याचा नाही. ती गर्दी आपल्यापर्यंत आणणारे हात बिननावाचे ठेवणं शताब्दीच्या वर्षात तरी थांबवायला हवं.