विद्युत्-वाद्ये आणि ओल

तंबोरा पावसाळ्यात गवसणीत घालून कोरड्या जागी ठेवावा, हे आपल्याकडे कोणास सांगावे लागत नाही. भोपळ्याला आणि लाकडाला ओल बाधते, हे आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाचे आहे. परंतु विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणारी वाद्येही आता पन्नास-साठ वर्षांची झाली असून, त्यांनाही ओल तितकीच बाधते, ही जाणीव अद्याप फार थोड्यांना आहे.

ही वाद्ये आपणांस परकी नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने १९६९ साली मूग सिंथेसायझर बसविला. १९८२ साली चरणजित सिंग यांनी सिंथेसायझर व तालयंत्र यांच्या संगतीने दहा राग ध्वनिमुद्रित केले. अशा यंत्रांतील कित्येक सुटे भाग आता निघत नाहीत. म्हणून एक वाद्य निकामी झाले, की त्याचा नाद कायमचा उणा होतो.

पुष्कळांची समजूत अशी, की थंडीने वाद्य बिघडते. वस्तुतः अधिक अपाय होतो तो थंडीतून उबेत येताना. तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. वीस अंशांना १७, तर दहा अंशांना जेमतेम ९. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात ते यामुळेच. वातानुकूलित खोलीतील वाद्य जुलैच्या दमट हवेत उघडले, तर तेच दव त्याच्या अंतर्भागात जमते. आणि त्याच क्षणी विजेचे बटण दाबले, तर अनर्थ ओढवू शकतो. म्हणून वाद्य हलविण्यापूर्वीच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळावे, नव्या जागी काही तास तसेच राहू द्यावे, आणि ते खोलीइतके उबदार झाल्यावरच उघडावे. मात्र नित्याच्या आच्छादनास सुती कापडच बरे. प्लॅस्टिकमध्ये आत राहिलेली ओल कोंडते.

दुसरा शत्रू आतच दडलेला असतो. बदलीच्या धांदलीत माझा एक जुना सिंथेसायझर तळमजल्यावरील कोठीत दोन पावसाळे पडून राहिला. उघडून पाहतो तो आतील बॅटरी पाझरून तिच्या क्षाराने तांब्याच्या रेषा खाऊन टाकलेल्या! दोष सर्वस्वी माझा होता. वाद्य दीर्घकाळ ठेवावयाचे असेल, तर बॅटरी आधी काढून घ्यावी. तत्पूर्वी स्मृतीत साठविलेल्या स्वररचना टिपून ठेवाव्यात, कारण बॅटरीबरोबर त्याही जातात.

जागा निवडताना बाहेरची भिंत टाळावी, वाद्य जमिनीपासून उंच ठेवावे, आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखण्याचा यत्न करावा. सिलिका जेलच्या पुड्या बंद पेटीतच उपयोगी पडतात. त्याही वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्या लागतात.

शेवटची गोष्ट अशी, की नुसते जपून ठेवणे म्हणजे जतन नव्हे. आतील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. विजेवाचून वर्षानुवर्षे राहिल्यास तो दुबळा होतो. म्हणून महिन्याकाठी अर्धा तास तरी वाद्य वाजवावे. वर्षानुवर्षे मुके राहिलेले वाद्य मात्र एकदम सुरू न करता जाणत्या कारागिरास दाखवावे. तंबोरा काय आणि सिंथेसायझर काय, गवसणी दोघांनाही हवी. पण ती अधूनमधून उतरविणारा हातही हवा.