आजोळ, दत्तक आणि देशाचा संघ

खेळाडूने कोणत्या देशाच्या संघातून खेळावे, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडासंस्थांच्या नियमपुस्तिकेतला वाटतो. परंतु त्या नियमांच्या मुळाशी ‘आपला कोण’ हा जुनाच प्रश्न असतो. नात्यांचे सूक्ष्म भेद करणाऱ्या मराठीसारख्या भाषेत त्याची उकल करण्याची साधने सिद्धच आहेत. बेंगळुरूत तेरा महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना या दृष्टीने विचारार्ह आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चिन्नस्वामी मैदानावरील कसोटीत न्यूझीलंडच्या रचिन रवींद्रने भारताविरुद्ध १३४ धावा केल्या. पहिल्या डावात भारत ४६ धावांत गारद झाला होता. अखेर १९८८ नंतर प्रथमच न्यूझीलंडने भारतात कसोटी जिंकली. रचिनचा जन्म वेलिंग्टनचा, आईवडील बेंगळुरूचे. वाडवडिलांच्या गावी तो पाहुण्या संघातून खेळला. उलट, पर्थ येथे जन्मलेला व बेंगळुरू एफसी या फुटबॉल संघाचा आघाडीचा खेळाडू रायन विल्यम्स याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूतच सुनील छेत्रीच्या हस्ते त्याला भारतीय पारपत्र देण्यात आले. विल्यम्सची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. आईचे वडील १९५० च्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. म्हणजे भारत हे विल्यम्सचे आजोळ होय.

‘आजोळ’ हा शब्द येथे केवळ लालित्यासाठी योजलेला नाही. मराठी कुटुंबव्यवस्थेत घर आणि आजोळ यांचे अर्थ भिन्न आहेत. घराकडून नाव, कुळ आणि वाटा मिळतो; आजोळाकडून माया मिळते. आजोळी मुलाचे लाड होतात, पण सामान्यतः तेथील जमिनीच्या उताऱ्यावर त्याचे नाव चढत नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडानियमांनी जे केले ते असे की, या मायेच्या नात्याला त्यांनी हक्काचे रूप दिले.

याचे सर्वांत ठळक उदाहरण रग्बी लीग या खेळात दिसते. या खेळात खेळाडूला जन्माच्या, पाच वर्षे वास्तव्याच्या, अथवा आईवडील वा आजी-आजोबांपैकी कोणाच्याही जन्माच्या देशाकडून खेळता येते. आजा आईचा की वडिलांचा, असा भेद नियम करीत नाही. शिवाय बलाढ्य संघाकडून खेळलेल्यालाही पुढे लहान देशाच्या संघात जाण्याची मुभा आहे. पॅसिफिकमधील बेटांवरून लक्षावधी लोक न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले असल्याने या नियमाचा परिणाम मोठा झाला. २०१७ च्या विश्वचषकापूर्वी न्यूझीलंडकडून खेळलेला जेसन टाउमालोलो आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला अँड्र्यू फिफीटा यांनी टोंगाची निवड केली. टोंगाने न्यूझीलंडला २८–२२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. २०२२ मध्ये सामोआ अंतिम फेरीत पोहोचला. ज्या देशांतून माणसे बाहेर गेली, त्यांना नातवंडांच्या रूपाने त्यांपैकी काही परत मिळाली.

फुटबॉलचा नियम याहून कडक आहे. फिफाच्या मते देशाचे नागरिकत्व ही पहिली अट. संघ बदलावयाचा असल्यास जन्म, आईवडील, आजी-आजोबा किंवा दीर्घ वास्तव्य यांपैकी एक दुवाही लागतो. मात्र नागरिकत्व एकच असावे असे फिफा म्हणत नाही. तो निर्णय प्रत्येक देशाच्या कायद्याचा, आणि शेजारी देशांतील फरक येथूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये जन्मलेला हमझा चौधरी आईच्या बाजूने बांगलादेशाचा. बांगलादेशाच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला वाव असल्याने ब्रिटिश नागरिकत्व न सोडता तो मार्च २०२५ मध्ये शिलाँग येथे भारताविरुद्ध आपल्या आजोळच्या संघातून प्रथम खेळला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशाने भारतावर १–० असा विजय मिळविला, तेव्हाही तो मैदानात होता. संघ बदलण्यासंबंधीची मान्यता वेळेत न मिळाल्याने विल्यम्सला मात्र त्या सामन्यात खेळता आले नाही. आजोळचे नाते दोघांचेही. एकाने काही सोडले नव्हते, दुसऱ्याने सोडूनही तो बाहेरच थांबला होता.

भारतीय कायद्याची भूमिका निःसंदिग्ध आहे. संविधानाचा ९ वा अनुच्छेद आणि १९५५ चा नागरिकत्व अधिनियम यांनुसार परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. भारतीय वंशाच्या व्यक्तीस नोंदणीने नागरिकत्व मिळू शकते. तथापि त्यासाठी मूळचे सोडावे लागते. २००३ च्या दुरुस्तीनंतर अस्तित्वात आलेले ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ हे पद नावाने नागरिकत्वाचे असले तरी त्यात मतदानाचा हक्क नाही. त्याच्या बळावर देशाच्या संघात स्थानही मिळत नाही, कारण डिसेंबर २००८ मध्ये भारत सरकारने देशाचे प्रतिनिधित्व पारपत्रधारकांपुरते मर्यादित केले. तोपर्यंत अमेरिकन नागरिक असलेला प्रकाश अमृतराज डेव्हिस चषकात भारताकडून खेळत होता. या धोरणाने तो मार्ग बंद झाला. जपानमध्ये जपानी आई व गुजराती वडील यांच्या पोटी जन्मलेला आणि पुणे एफसीकडून खेळणारा अराता इझुमी २०१२ मध्ये जपानचे नागरिकत्व सोडूनच भारतीय झाला व २०१३ मध्ये भारतीय संघात आला.

ही व्यवस्था आजोळाची नव्हे, दत्तकविधानाची आहे. दत्तक गेलेला मुलगा जन्मकुळातून निघून दुसऱ्या कुळात प्रविष्ट होतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमानुसारही जन्मकुटुंबाशी असलेले त्याचे संबंध तुटल्याचे मानले जाते. केवळ विवाहातील निषिद्ध नाती व आधीच प्राप्त झालेली मालमत्ता एवढेच अपवाद. धर्मशास्त्राला मात्र दुसराही पर्याय ठाऊक होता. ‘द्व्यामुष्यायण’ हा दोन पित्यांचा पुत्र. त्याचे दोन्ही कुळांशी नाते अबाधित राहते. दुहेरी नागरिकत्वाची कल्पना भारतीय विचाराला अगदीच परकी आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा शब्द लक्षात घेणे अगत्याचे आहे.

विल्यम्स व इझुमी यांना कोणी ‘दिले’ नाही. प्रौढपणी ते स्वतःहून आले. शास्त्रकारांच्या परिभाषेत हा ‘स्वयंदत्त’ पुत्र. त्याची प्राचीन कथा ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची. पित्याने विकलेला शुनःशेप यज्ञयूपावरून सुटल्यावर विश्वामित्राच्या अंकावर जाऊन बसला. विश्वामित्राने त्याला ज्येष्ठपद दिले. परंतु त्याच्या एकशे एक पुत्रांपैकी वडील पन्नासांना ते मानवले नाही. त्यांचा रोष या विषयातील खरे दुखणे दाखवितो. बाहेरून आलेल्याला जागा द्यावयाची म्हणजे घरातल्या कोणाची तरी जागा जाते. कोल्हापूर, मडगाव वा ऐझॉलच्या मैदानांवर वाढलेल्या मुलाचा हा आक्षेप क्षुल्लक मानता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून १–२ असा पराभव होऊन भारत २०२७ च्या आशियाई चषकाला मुकला, तेव्हा परदेशस्थ खेळाडूंची मागणी वाढली. पण दत्तकाने घराची शेती आपोआप पिकत नाही, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या बाजूने, ‘मूळ’ म्हणजे काय याचाही विचार झाला पाहिजे. संविधानाच्या ३६६ व्या अनुच्छेदात अँग्लो-इंडियन व्यक्तीची व्याख्या पितृवंशातील युरोपीय पूर्वजावरून केलेली आहे; म्हणजे ती घराण्याची व्याख्या आहे. विल्यम्सचे भारताशी नाते जुळते ते मात्र आईवरून. १९४७ नंतर या समाजातील असंख्य कुटुंबे देशाबाहेर गेली. जबलपूरचे पाच पिअर्स बंधू पर्थला जाऊन ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज स्टुअर्ट क्लार्क याची आई बेंगळुरूजवळच्या कोलार सोन्याच्या खाणींच्या वसाहतीतली. त्या काळी एकेरी असलेल्या या वाटेवरून त्याच पर्थहून एक नातू उलट आला, आणि त्यासाठी त्याला जन्माच्या देशाचे नागरिकत्व द्यावे लागले.

स्थलांतराचा हा अनुभव मराठी समाजालाही नवा नाही. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बेंगळुरूत मराठी कुटुंबे नांदत आली. इंदूरला जन्मलेला, मराठी मातृभाषेचा राहुल द्रविड कर्नाटकाचा म्हणूनच ओळखला गेला, कारण राज्याच्या संघासाठी तेथे वाढणे पुरेसे होते; कोणतेही नाते तोडावे लागले नाही. राज्याच्या पातळीवर सहज मान्य होणारी ही गोष्ट राष्ट्राच्या पातळीवर दत्तकविधानाची अट घालते, कारण तेथे संघाबरोबर सार्वभौमत्वाचा प्रश्न येतो.

परदेशस्थ भारतीयांना संघाची दारे उघडावीत की नाही, या वादात दोन्ही पक्ष बहुधा ‘रक्त’ आणि ‘निष्ठा’ हेच शब्द वापरतात. प्रत्यक्षात निवड आजोळ आणि दत्तक या दोन नात्यांमधील आहे. आजोळ काही सोडावयास सांगत नाही. म्हणून तेथे हक्क किती द्यावा, हे ठरविणे कठीण जाते. दत्तक पूर्ण हक्क देतो. पण त्याची किंमत येणाऱ्यानेच मोजावयाची असते. भारताने आजवर दुसरा मार्ग पत्करला आहे. तो बदलावयाचा असो वा राखावयाचा, आजोळाकडून फक्त माया घ्यावयाची की त्याला वाटाही द्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल.